न दिसणारा दिवा

दिवाळी आली की घरोघर दिव्यांची मोजदाद सुरू होते. तुळशीपाशी एक, उंबरठ्याशी दोन, देवापुढे समई, गॅलरीत आकाशकंदील आणि त्याच्या जोडीला विजेची माळ. या मोजणीत एक दिवा हटकून राहून जातो. तो बाराही महिने घरात असतो, दिवसातून कितीदा तरी पेटतो, त्याच्यावाचून संध्याकाळ सुनी जाते. आणि तरीही घरातल्या कोणी त्याचा उजेड म्हणून पाहिलेला नाही. टीव्हीच्या रिमोटच्या तोंडाशी तुरीच्या दाण्याएवढे जे काचेसारखे बोंड दिसते ना, तोच हा दिवा.

घरातल्या वस्तूंविषयी मी लिहितो, म्हणून ओळखीची मंडळी आपापल्या घरच्या तक्रारी माझ्याकडे आणतात. मिक्सर, गळका नळ, शेगडीची मंद झालेली ज्योत, असे काहीबाही चालूच असते. परंतु रिमोटची तक्रार या सगळ्यांहून निराळी. मिक्सर बिघडला तर लोक म्हणतात, ‘मिक्सर बिघडला.’ रिमोट बिघडला तर म्हणतात, ‘कोणी बिघडवला?’ मग धाकट्याने तो पाडला असणार, कामाच्या बाईंनी ओले फडके फिरवले असणार, आजोबांनी बटण अंगठ्याने रेटले असणार, आणि आजींनी तर नक्कीच ‘भलतेच काहीतरी दाबले’ असणार! शिक्षा आधी ठोठावली जाते आणि तपास मागाहून होतो. बहुधा होतच नाही. दुसरा रिमोट येतो, पण आजींच्या हाती तो पुन्हा सहसा दिला जात नाही.

म्हणून यंदा मला एवढेच सांगायचे आहे की, दोष कोणाचा हे ठरवण्यापूर्वी दोष कोठे आहे ते पाहावे. त्याला कारागीर लागत नाही. दहा मिनिटे, थोडा कापूस आणि घरातला एक मोबाइल फोन असला म्हणजे पुरे.

दिवा असून दिसत का नाही?

सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग केला. सूर्यकिरण लोलकातून जाऊ देऊन त्याने रंगांचा पट्टा पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापक धरून पाहिला. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो, हे तेव्हा कळले. त्यालाच आपण अवरक्त किरण म्हणतो. आपल्या डोळ्यांना साधारणतः ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. रिमोटचा दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास पेटतो. तेव्हा आपण तो दिसण्याची वाट पाहत बसलो, तर पुढची दिवाळी उजाडेल.

हा दिवा नुसता पेटत नाही. तो लुकलुकतो, आणि लुकलुकतो तोही सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा. ही लुकलुक मध्येच थांबवून, पुन्हा चालू करून, तारायंत्राच्या कडकट्टासारखा तिचा निरोप बनवतात. एका फार प्रचारात असलेल्या पद्धतीत या निरोपाला ३२ खुणा असतात. आधी यंत्राचा पत्ता, म्हणजे ‘हे अमक्या टीव्हीसाठी आहे’. मग तोच पत्ता उलटा करून. मग आज्ञा, ‘आवाज वाढव’. आणि तीही पुन्हा उलटी करून. सुलटे आणि उलटे जुळले तरच टीव्ही ते मानतो. वाणी सामानाची यादी लिहून झाल्यावर एकदा वाचून दाखवतो, तशातलाच हा प्रकार. हा सारा निरोप सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात पोहोचतो.

एवढी लुकलुक कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रिमोटच्या इतिहासात आहे. अमेरिकेत १९५५ साली यूजीन पॉली या इंजिनियराने तारेवाचून चालणारा रिमोट काढला. तो होता पिस्तुलाच्या आकाराचा विजेरी दिवा. त्याचा झोत टीव्हीच्या चार कोपऱ्यांतल्या चार प्रकाशग्राहक डोळ्यांवर मारायचा. एका कोपऱ्यात मारला की टीव्ही चालू, दुसऱ्यात मारला की आवाज बंद. युक्ती नामी होती. पण खिडकीतून ऊन आले की टीव्हीला वाटे, मालकांनीच झोत मारला, आणि कार्यक्रम आपोआप बदले! पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाश सोडून ध्वनी घेतला. रिमोटमधल्या ॲल्युमिनियमच्या कांड्यांवर लहानशी हातोडी पडे आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा नाद निघे. त्याला सेलही लागत नसत. पण किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी टीव्ही कधी कधी हुकूम समजून चालू लागे. पुढे १९८० च्या सुमारास अवरक्त दिवा आला, आणि उन्हाने फसू नये म्हणून त्याला ही लुकलुक शिकवली गेली. टीव्ही आता स्थिर उजेडाकडे लक्ष देत नाही. ओळखीची लुकलुक दिसली तरच उठतो.

आपल्याकडे ही वस्तू घरोघर झाली ती पुष्कळ उशिरा. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी केंद्र एकच. बदलायचे काय आणि कशासाठी? संचाचे बटण फिरवायचे, बातम्या पाहायच्या, पुन्हा फिरवून बंद करायचे. १९९१-९२ नंतर उपग्रहवाहिन्या आल्या आणि मग बसल्या जागेवरून वाहिनी बदलण्याची गरज पडू लागली. हा हिशेब मुद्दाम मांडला. त्या वेळी ज्यांची चाळिशी उलटली होती, ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या तरुणपणी टीव्हीला एक बटण होते. आज हातातल्या एका रिमोटला चाळीस-पन्नास आहेत, आणि टेबलावर असे रिमोट तीन. ती गोंधळली तर नवल काय?

तपासाचा क्रम

आता कामाला लागू. क्रम मोडू नये. कारण सोपे आणि बिनखर्चाचे आधी, खटपटीचे नंतर, असा तो लावला आहे.

प्रथम टीव्हीकडे पाहा. त्याच्या खालच्या कडेला बारीक दिवा लागलेला आहे काय? नसेल तर भिंतीवरचे बटण पाहा. सणाच्या साफसफाईत ते बंद राहणे ही नित्याची गोष्ट. टीव्हीच्या अंगावरही खाली, मागे किंवा बाजूला एखादे बटण असते. ते दाबून टीव्ही चालू होत असेल, तर टीव्ही धडधाकट आहे असे समजून रिमोटकडे वळावे.

मग तो न दिसणारा दिवा पाहा. मोबाइलच्या कॅमेऱ्याला आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण थोडेफार दिसतात. फोनचा कॅमेरा चालू करा, रिमोटचे बोंड त्याच्यासमोर धरा आणि कोणतेही बटण दाबून धरून फोनच्या पडद्यावर पाहा. जांभळट किंवा पांढुरका ठिपका लुकलुकताना दिसला, तर रिमोट बोलतो आहे. मात्र पुष्कळ फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यावर हे किरण अडवणारी काच असते. म्हणून स्वतःचा फोटो काढण्याचा पुढचा कॅमेरा वापरावा, आणि खोलीत थोडा अंधार करावा. चांगल्या चालणाऱ्या दुसऱ्या रिमोटवर ही परीक्षा आधी करून पाहावी, म्हणजे आपल्या फोनला दिसते की नाही याची खात्री होते.

ठिपका दिसलाच नाही, किंवा फार मंद दिसला, तर सेल पाहा. टीव्ही जवळून चालतो आणि लांबून चालत नाही, हेही सेल थकल्याचेच लक्षण. दोन्ही सेल एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना असा संसार करू नये. जुना आधी संपतो, आणि नवा त्याला ओढता ओढता गळायला लावतो. घालताना सेलची सपाट बाजू स्प्रिंगकडे आली पाहिजे. सेल काढल्यावर, नवे घालण्यापूर्वी, एखादे बटण काही सेकंद दाबून धरावे; आत उरलीसुरली वीज निघून जाते आणि अडून बसलेला रिमोट पुष्कळदा एवढ्यानेच शुद्धीवर येतो.

सेलच्या खाचेत पांढरी किंवा हिरवट बुरशी दिसली तर सेल गळला आहे असे समजा. ती बोटाने खरवडू नये. रबरी हातमोजे घालावेत, आणि ती डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. सेलवर ‘अल्कलाइन’ असे छापलेले असेल, तर काडीला कापूस गुंडाळून तो व्हिनेगरात किंवा लिंबाच्या रसात जेमतेम भिजवून पत्र्याच्या टोकांवरून फिरवावा. साधा जस्ताचा सेल असेल, तर खाण्याच्या सोड्याचे पाणी घ्यावे. मग स्वच्छ कापसाने पुसून, पूर्ण वाळू देऊन, ती टोके पेन्सिलीच्या खोडरबराने चकचकीत करावीत. गावाला जाताना रिमोटचे सेल काढून ठेवले तर हा उपद्व्याप करावाच लागत नाही.

काही बटणे चालतात आणि काही चालत नाहीत, अशी तक्रार असेल तर सेलचा दोष नव्हे. रिमोटच्या आत सगळ्या बटणांची मिळून एक रबराची चटई असते. प्रत्येक बटणाच्या पोटाशी कोळशाचा काळा ठिपका असतो. बटण दाबले की तो खालच्या पाटीवर टेकतो आणि दोन तारा जोडल्या जातात. तेथे बोटांचे तेल, धूळ आणि फराळाचे तूप साचले की ठिपका टेकूनही टेकत नाही. म्हणून सर्वांत आधी मरतात ती सर्वांत लाडकी बटणे: चालू-बंद आणि आवाज. सेल काढून, मागचे स्क्रू सोडवून (एखादा सेलच्या खाचेत दडलेला असतो), बोथट सुरीने कडेकडेने झाकण उघडावे. चटई साबणाच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुऊन पूर्ण वाळवावी. काळे ठिपके घासू नयेत. त्यांचा लेप गेला की बटण कायमचे गेले. पाटी औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटने कापसाचा बोळा ओला करून पुसावी. पण हे काम दिवे लावण्याच्या वेळी करू नये. स्पिरिट भडकन पेटते, आणि या दिवसांत घरात कोठे ना कोठे निरांजन असतेच.

कॅमेऱ्यात आणखी एक गंमत दिसते. बटण न दाबताही ठिपका लुकलुकत असेल, तर एखादे बटण आत रुतून बसले आहे. असा रिमोट अखंड बडबडत राहतो, आपले सेल संपवतो आणि दुसऱ्याचेही टीव्हीला ऐकू येऊ देत नाही. सोफ्याच्या फटीत किंवा उशीखाली दबलेला दुसरा रिमोटही हेच करतो. तेव्हा घरातले सगळे रिमोट गोळा करून एकेकाचे सेल काढून पाहावेत.

रिमोट बोलतो, पण टीव्ही ऐकत नाही

ठिपका स्वच्छ दिसतो आणि तरी टीव्ही ढिम्म, असे झाले म्हणजे दोष ऐकणाऱ्याकडे आहे. येथे मला एक हकीकत सांगितली पाहिजे.

माझी एक मावशी पुण्यात सदाशिव पेठेत एकटी राहते. वय ऐंशीच्या घरात. मुलगा परदेशात, मुलगी नाशिकला. सकाळचे अभंग आणि संध्याकाळची एक मालिका, एवढाच तिचा टीव्ही. गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी फराळाचा डबा घेऊन गेलो, तर घरात चिडीचूप.

“मावशी, आज अभंग नाहीत?”

“अरे, चार दिवस झाले, लागतच नाही. बोटांत आता जोर राहिला नाही बघ. दाबते, दाबते, पण काही होत नाही. शेजारचा मुलगा म्हणाला, आजी, तुम्ही काहीतरी भलतंच दाबलंत. तसंच असेल. आता हेही माझ्याच्यानं होईना.”

हे शेवटचे वाक्य तिने इतक्या सहज म्हटले, की मला चर्र झाले. डोळे गेले, गुडघे गेले, त्याच यादीत तिने रिमोटही लिहून टाकला होता.

मी फोन काढला आणि रिमोट तिच्याच हाती देऊन म्हटले, “दाब बघू.” फोनच्या पडद्यावर ठिपका लखलख लुकलुकला. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “अगंबाई! हा एवढा दिवा मी लावला?”

“तूच. तुझ्या बोटांत जोर आहे आणि रिमोटातही आहे. आता टीव्हीकडे बघू.”

टीव्हीवर दिवाळीसाठी तिने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातला होता, त्याची झालर पुढे लोंबत होती, आणि खालच्या कडेपाशी पितळी हत्ती मांडला होता. टीव्हीचा ऐकण्याचा कान म्हणजे त्या कडेची काळी चकती. ती नेमकी हत्तीमागे लपली होती. हत्ती वीतभर सरकवला, रुमाल काढला; आणि मावशीने बटण दाबताच अभंग सुरू झाले.

तेव्हा ठिपका दिसत असेल तर टीव्हीची ती चकती शोधा. तिच्यापुढे फुलदाणी, फोटो, रुमाल, नव्या टीव्हीवरचा न काढलेला प्लास्टिकचा कागद, यांपैकी काही आहे काय? तिरपे ऊन थेट तिच्यावर येते काय? लुकलुक शिकवली असली तरी भर उन्हात तिचा कान दिपतो. पडदा ओढून पाहावे. काही जुन्या नळीदिव्यांच्या चोकमुळेही अडथळा येतो. दिवा मालवून पाहावे.

टीव्ही चालू होतो पण पडद्यावर ‘नो सिग्नल’ येते, ही तर रिमोटची तक्रारच नव्हे. बहुधा कोणाचे तरी बोट ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ या बटणावर पडलेले असते. तेच पुन्हा दाबून, सेट-टॉप बॉक्सची तार ज्या खाचेत आहे ती खाच निवडावी. यात बिघडलेले काही नसते. खोलीचे दार चुकलेले असते, इतकेच.

आणि एक अपवाद. अलीकडचे काही रिमोट, विशेषतः ज्यांच्याशी बोलता येते ते, प्रकाशाने नव्हे तर ब्लूटूथच्या रेडिओलहरींनी चालतात. त्यांत ठिपका न दिसणे हा दोष नव्हे. ते टीव्हीकडे रोखावेही लागत नाहीत. पण सेल बदलल्यावर त्यांची ओळख कधी कधी पुसली जाते. ती पुन्हा कशी करून द्यायची ते पुस्तिकेत दिलेले असते.

इतके करून न उठलेला रिमोट मात्र बदलावा. जुना रिमोट आणि टीव्हीच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा फोटो बरोबर न्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत त्याचे जुळे भावंड बहुधा मिळते.

वातानुकूलन यंत्राची तऱ्हा

एसीचा रिमोट दिसायला चुलतभाऊ, पण स्वभावाने वेगळा. टीव्हीचा रिमोट ‘एक पायरी वर’ एवढेच सांगतो. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी सबंध पत्र पाठवतो: तापमान इतके, पंखा इतका, प्रकार अमका. त्याच्या काचेवर दिसतात ते आकडे रिमोटच्या मनातले, यंत्राच्या नव्हे! पत्र पोहोचले नाही तरी काचेवर २४ दिसतच राहतात, आणि घरचे म्हणतात, ‘चोवीसवर ठेवला तरी थंड होत नाही.’ म्हणून यंत्राची ‘बीप’ ऐकू आली तरच आज्ञा पोहोचली असे धरावे. काचेवरचे चित्रही पाहावे. हिमकण म्हणजे थंडावा, थेंब म्हणजे दमटपणा कमी करणे, सूर्य म्हणजे ऊब, आणि नुसता पंखा म्हणजे नुसता वारा. घड्याळाचे चित्र दिसले, तर चुकून वेळ लावली गेली आहे. मग यंत्र मध्यरात्री आपोआप बंद पडते आणि संशय विजेवर जातो.

रिमोटवर चालणाऱ्या छताच्या पंख्यांत आणखी एक घोटाळा होतो. एकाच बनावटीचे दोन पंखे एका दिवाणखान्यात असले, तर एक रिमोट दोघांनाही हलवतो. एकाचे भिंतीवरचे बटण बंद करून दुसऱ्याला आज्ञा द्यावी.

लहानग्यांच्या घरी हे आधी वाचा

आतापर्यंतचे दोष फार तर एखाद्या मालिकेचा भाग बुडवतील. हा मात्र जीव घेऊ शकतो. लहान आकाराच्या रिमोटात, आणि दिवाळीत मिळणाऱ्या सेलवरच्या पणत्यांत, नाण्यासारखा चपटा सेल असतो. रांगत्या मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या त्वचेतून वीज वाहू लागते, तेथे दाहक अल्क तयार होते आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. ‘संपलेला’ सेलही इतके करण्यास पुरेसा असतो. मुलाला लाळ गळते, खोकला येतो, ते खाण्यास नाकारते. किंवा सुरुवातीला काहीच दिसत नाही. नुसती शंका आली तरी वाट पाहू नये, ओकारी काढवू नये, केळे-भात भरवू नये. थेट रुग्णालयात नेऊन ‘सेल गिळला असावा’ असे स्पष्ट सांगावे आणि क्ष-किरण फोटो काढून घ्यावा. अमेरिकेत दीड वर्षाच्या एका मुलीचा असाच अंत झाला; रिमोटमधल्या सेलनेच. तिच्या नावाने तेथे २०२२ मध्ये ‘रीसचा कायदा’ झाला आणि अशा वस्तूंचे सेलचे झाकण मुलांना उघडता येणार नाही असेच असले पाहिजे, असे ठरले. आपल्या घरात मात्र आपणच कायदा व्हावे. झाकणाला स्क्रू नसेल तर पक्की चिकटपट्टी लावावी, आणि वापरलेले सेल लगेच उचलून उंच ठेवावेत. ते इतर कचऱ्यात टाकू नयेत, असे आपल्याकडच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांतही सांगितले आहे. त्यांची वेगळी बरणी करून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. जाळू तर मुळीच नयेत.

वडीलधाऱ्यांसाठी

मावशीच्या घरून निघण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी केल्या; त्या कोणत्याही घरात करण्याजोग्या आहेत. चालू-बंदच्या बटणावर तिच्याच डबीतली एक मखमली टिकली चिकटवली; अंधारातही बोटाला लागते. आवाजाच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, आणि जी बटणे तिला कधीच लागत नाहीत त्यांच्यावर चिकटपट्टी लावली. तिसरी गोष्ट अशी की, सेट-टॉप बॉक्सच्या पुष्कळ रिमोटांना टीव्हीची आज्ञा शिकवता येते. तिच्या रिमोटला ती शिकवली, आणि दोन रिमोटांचा एक झाला. दुसऱ्याचे सेल काढून तो कपाटात ठेवला.

सगळे तिच्याकडूनच करवून घेतले. मी नुसता बसून सांगत होतो. घाईच्या माणसाला हे जमत नाही. तो म्हणतो, “द्या इकडे आजी, मी लावून देतो.” मदत होते, पण दर वेळी रिमोट हातातून काढून घेतला की माणूस हळूहळू मागणेच सोडून देतो. तेव्हा या सुट्टीत नातवंडांना माझे सांगणे आहे: पाडव्याच्या दुपारी दहा मिनिटे काढा, आजी-आजोबांच्या हाती रिमोट द्या, फोनच्या पडद्यावर त्यांना त्यांचा दिवा दाखवा, आणि वाहिनी त्यांच्या आवडीची लागू द्या. त्या दिवशी क्रिकेटचा सामना असला तरी!